पोहण्याचा गेम

धरणाच्या पाण्यात मधोमध पोहताना केतकीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. 'तुमचं सदस्यत्व चालू आहे. मात्र पोहण्याचा गेम आज दुपारी बाराला आमच्या यादीतून निघत आहे. त्यातून तुमच्या अंगात आलेलं पोहणंही त्याच वेळी पुसलं जाईल.'

बाराला दोनच मिनिटं कमी होती. ती वळली आणि जिवाच्या आकांताने हात मारू लागली. काठावर तिचे वडील, अण्णा, पत्र्याचा रिकामा डबा घेऊन उभे होते. "पाठीला डबा बांध गं, आम्ही तसंच पोहायला शिकलो," असं ते सकाळी म्हणाले, तेव्हा ती हसली होती.

"अण्णा, डबा!" ती किंचाळली.

अण्णांनी डब्यासकट उडी घेतली.

घड्याळ पुन्हा थरथरलं. केतकी आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. यांचं पाण्यात काय करायचं असतं, ते तिला आठवेना.