विटांतली टपालपेटी

व्हर्लन हटोने टपालपेटीच्या नव्या खांबाला विटांचा पाचवा थर लावला, ओळंबा सोडून बघितला आणि समोरच्या घराकडे तोंड करून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "आता घाल म्हणावं गाडी! पेटी नाही फुटणार, टाळकं फुटेल."

समोर सामान ट्रकमध्ये चढत होतं. एलिसेओने मान वर केली नाही. त्याची बायको दोमिंगा गादीचं एक टोक धरून उभी होती. तिनेही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ओपल पडवीतल्या खुर्चीवरून हे बघत होती. व्हर्लनशी लग्न होऊन तिला सेहेचाळीस वर्षं झाली होती. आज त्याच्या मानेवरचा घामसुद्धा तिला बघवत नव्हता.

ऑगस्टपासून त्यांची टपालपेटी तीनदा आडवी झाली होती. लाकडी खांब मोडायचा आणि पत्र्याची पेटी रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडायची. पहिल्याच खेपेला व्हर्लनने गावभर सांगितलं की हे समोरच्या ग्वाटेमालावाल्याचं काम. कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, पहाटे पिऊन गाडी हाकतो. एलिसेओ दारूला शिवतही नव्हता. तरी डेप्युटी शेरीफ दोनदा त्याच्या दारात गेला. एकदा तर अंगणात, पोरांच्या देखत, प्यायलाय का बघायला त्याला सरळ रेषेत चालून दाखवायला लावलं. तिसऱ्या खेपेनंतर घरमालकाने सांगितलं, मार्चअखेर घर रिकामं करा.

विटा चर्चच्या नव्या भिंतीतून उरलेल्या होत्या. पास्टर स्वतः आणून टाकून गेला. सकाळपासून जाता-येता ओळखीच्यांच्या चार गाड्या थांबल्या.

"काय व्हर्लन, किल्ला बांधतोस का रे?"

"बांधावा लागतो बाबा. शेजार बघ ना कसला आलाय नशिबी!"

मग सगळे हसायचे. एकाने ओपलकडे बघून टोपी उचलली.

ओपल हसली नाही. पेटी तिनेच पाडली होती. तिन्ही वेळा.

गेल्या उन्हाळ्यापासून तिला उजवीकडचं नीट दिसत नव्हतं. रस्त्यावरून अंगणात वळताना धप्प आवाज यायचा आणि तेव्हा कुठे तिला कळायचं. ती गाडी तशीच शेडमध्ये लावायची, पुढचा भाग फडक्याने पुसायची आणि घरात जाऊन बसायची. डॉक्टरकडे गेली असती तर लायसन गेलं असतं. दुकान अठरा मैलांवर. थोरली बहीण ल्युडीन वृद्धाश्रमात, दर बुधवारी ओपलची वाट बघत दारातच बसलेली. तिला भेटायला ओपलशिवाय कोणी जात नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत सात महिने गेले. व्हर्लन जेवायला बसला की समोरच्यांच्या नावाने खडे फोडायचा आणि ती मुकाट त्याला वाढायची. त्याची घाण वाटायची. पण भांडी घासताना खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड दिसायचं, त्याची जास्त.

दोमिंगा रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात नवीकोरी टपालपेटी होती, दुकानातली चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली.

"सेन्योरा, ही घ्या," ती ओपलला म्हणाली. "आम्ही नाही पाडली तुमची. आईची शपथ. पण ही घ्या. घरमालकाला फक्त एक शब्द सांगा. पोरीची शाळा संपायला दोनच महिने राहिलेत. तोवर राहू द्या, मग आम्ही जातो."

ओपलला खुर्चीतून उठायला वेळ लागला. तेवढ्यात व्हर्लनने ती पेटी दोमिंगाच्या हातातून काढून घेतली. इकडून तिकडून बघितली. मग जमिनीवर ठेवली आणि बुटाने दाबून चपटी केली.

"बरं झालं आणलीस," तो म्हणाला. "आत पोकळी भरायला काहीतरी लागतच होतं."

त्याने तो पत्रा विटांच्या मधल्या पोकळीत टाकला आणि वरून थापीभर सिमेंटचा माल ओतला.

दोमिंगा रडली नाही. ती फक्त त्या पोकळीत बघत राहिली.

ओपल पडवी उतरली. व्हर्लनच्या जवळून गेली, पण त्याच्याकडे तिने बघितलं नाही. रस्त्याच्या कडेला डेप्युटी ट्रॉयची गाडी उभी होती. ही माणसं नीट निघून जातायत ना, हे बघायला तो सकाळपासून येऊन बसला होता. लहानपणी ओपलनेच त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं.

"ट्रॉय, लिहून घे," ती म्हणाली. तिचा आवाज रस्त्यापलीकडे एलिसेओपर्यंत गेला. "पेटी मी पाडली. तिन्ही वेळा मीच. मला दिसत नाही. लायसन घे, दंड कर, काय करायचं ते कर. पण त्या घरमालकाला आत्ताच्या आत्ता फोन लाव. ह्यांनी काही केलेलं नाही."

दोमिंगाचा हात तोंडावर गेला. एलिसेओने खांद्यावरचं खोकं खाली ठेवलं.

ट्रॉयने वही काढली नाही. त्याने एकदा व्हर्लनकडे बघितलं. व्हर्लन थापीने माल सारखा करत राहिला.

"काकू, हळू बोला ना," ट्रॉय म्हणाला आणि मायेने त्याने तिचा हात हातात घेतला. "आम्हाला काय माहीत नाही का ते? व्हर्लनकाका पहिल्याच दिवशी येऊन सगळं सांगून गेले होते. पास्टरना माहीत आहे, घरमालकाला माहीत आहे. तुमचं लायसन गेलं असतं तर ल्युडीनमावशीकडे कोण गेलं असतं? आपल्या माणसांना आपणच सांभाळायला नको का?"