पहिली कापणी

"जावयालासुद्धा द्यायची नाही म्हणता, मग मुलीचं काय?"

सेबोम हे बापाला तोंडावर विचारणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने भर जेवणात विचारलं, तेही तोंडात घास असताना.

वसंतात बुचू उगवते. लसणाच्या वासाची बारीक पात. तिची पहिली कापणी जावयालासुद्धा देऊ नये, अशी त्यांच्याकडची जुनी म्हण. एवढी ताकद तिच्यात. ती घरच्या पुरुषाच्याच पोटात जायला हवी. गच्चीवरच्या थर्माकोलच्या खोक्यांत बुचू लावली सेबोमने, थंडीभर राख घातली तिने, पेंढा पांघरला तिनेच. खाणार कोण? दोंगूदादा. वकिलीच्या परीक्षेत तिसऱ्यांदा आपटलेला.

"म्हणीत मुलीचं नावच नाही," बाबा म्हणाले. "प्रश्न मिटला."

"तीन वर्षं खातोय हा. ताकद जाते कुठे? पेपर सोडून पळायला?"

"जीभ आवर गं," आई पीठ कालवत पुटपुटली.

दोंगू ताडकन उठला. "गवत ते काय, आणि तोरा केवढा! मीच आणतो कापून." जन्मात गच्चीची पायरी न चढलेला तो कात्री घेऊन वर गेला आणि मूठभर हिरवी पाती आणून त्याने ओट्यावर आपटली.

"बघ! मनात आणलं की करतो पोरगा," बाबा खूश.

आईने सुरी उचलली. सेबोमने तिचा हात धरला, एक पात चुरगळली आणि बाबांच्या नाकाखाली धरली.

"येतोय वास?"

बाबांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "कसलाच नाही."

"येणार कुठून! आईच्या कुंडीतल्या नर्गिसची पात आहे ती. विषारी. खाल्ली असती तर सगळे ओकत बसलो असतो."

"सारखीच तर दिसतात!" दोंगू कुरकुरला.

"शेळीसुद्धा तोंड घालण्याआधी हुंगते, दादा."

बाबांना एकाएकी खोकला आला. आई पिठाच्या भांड्यात बघत राहिली, पण तिचे खांदे हसत होते.

सेबोम वर जाऊन आली. तिच्या आधी वासच खाली पोचला. तव्यावर धिरडं चरचरलं. तिने ते ताटात घेतलं, दोन तुकडे केले, एक आईपुढे सरकवला.

"आई, बाबा, ऐका. माझं ठरलंय. यंदापासून पहिली कापणी मी आणि आई खाणार. दादाला दुसरी. ती जावयालाही चालते."