काढता येणारी टाकी

मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, आहेर म्हणून जावयाच्या व्हॅनमध्ये टाकी बसवून द्यायचं ठरलं. ती पसंत करायला तिघं दुकानात उभे होते. सासरे, सासूबाई आणि जावई.

जावई खिडक्या धुवायचा. लांब दांड्याला ब्रश, ब्रशाला नळी, नळीत व्हॅनमधल्या टाकीचं पाणी. शिडी नको, काही नको. जमिनीवर उभं राहून चौथा मजला लख्ख. शेजारी विचारत, "जावई काय करतात?" सासरे सांगत, "इमारतींच्या देखभालीत आहेत." सासूबाई खाली बघत.

मिस्त्रीने दोन टाक्या दाखवल्या. एक पोलादी चौकटीतली. चौकट व्हॅनच्या तळाला आरपार बोल्टने आवळायची. दुसरी नुसती पट्ट्यांनी बांधायची.

"चारशे लिटर म्हणजे चारशे किलो," मिस्त्री म्हणाला. "गाडी थांबते, पाणी थांबत नाही. चौकटीचीच न्या."

"पट्ट्यांची काढता येते ना?" सासऱ्यांनी चष्मा सावरत विचारलं.

"येते. रिकामी केली की दोघांत उचलते."

"मग हीच."

"बाबा, जोरात ब्रेक लागला तर ती माझ्या पाठीत येईल," जावई म्हणाला.

"मग ब्रेक बेताने लावा. आमच्याकडे येताना टाकी उतरवून यायचं. दारात साधी गाडी दिसली पाहिजे. आम्हाला चार लोकांत राहायचंय."

जावयाचे कान लाल झाले. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर आलं होतं, अहो, पोराच्या जिवाशी खेळ आहे. पण शेजारणीचं ते "देखभालीत म्हणजे नेमकं काय हो?" त्यांनाही टोचत होतं.

"देतायत तर घ्या," त्या पुटपुटल्या.

पदरचे पैसे घालून जावयाने सीटमागे जाड पोलादी पत्र्याची आडभिंत तेवढी बसवून घेतली.

"जावईबापू जिवाला भारी जपतात!" सासरे हसले.

घरी निघताना जावई म्हणाला, "पुढे या बाबा, तिघं मावू."

"नको. सिग्नलला कोणी ओळखीचं भेटायचं." सासरे मागे चढले. टाकीपुढे बादली उपडी घालून बसले, पाठ आडभिंतीला टेकली. "ही बघा माझी आरामखुर्ची. पुढे तुम्ही मिरवा."

मग व्हॅन दारात यायची ती साधी होऊनच.

एके सकाळी सासरे दवाखान्यात बसने जातो म्हणून बाहेर पडले. तासाभराने मुलीचा फोन आला.

"आई, ह्यांच्या गाडीला अपघात झालाय. सायकलवाला आडवा आला. टाकी सुटून पुढे आली म्हणे..." पुढे तिला बोलवेना.

टॅक्सीत सासूबाई एकच घोकत होत्या, देतायत तर घ्या, देतायत तर घ्या. मी म्हणाले. मीच म्हणाले.

रस्ताभर पाणी झालं होतं. गर्दी होती. आणि फुटपाथवर जावई बसलेला होता. अंगावर ओरखडाही नाही.

सासूबाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "वाचलात हो! वाचलात!"

"तुमचे कोण?" पोलिसाने विचारलं.

"माझे जावई," त्या भर गर्दीत मोठ्याने म्हणाल्या. "खिडक्या धुतात."

जावयाने मान वर केली नाही. त्याच्या मुठीत एक चष्मा होता.

"बाबा बसस्टॉपवर दिसले. आजही पुढे बसा म्हणालो होतो, आई."

सासरे वारले ते मुलीच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आदल्या आठवड्यात, उपड्या बादलीवर, बसल्या जागी.