माणसे निरंक

प्रादेशिक निसर्गसंपदा केंद्रात मालिनी खरात डबा उघडून बसल्या, तेवढ्यात भिंतीवरच्या नकाशात तामणदरी निळी झाली. धरणाचे दरवाजे आता माणूस उघडत नसे. केंद्राचे तक्ते वाचून यंत्रच ठरवायचं, जादा पाणी कुठल्या दरीत सोडायचं.

"तामणदरीच का?" मालिनीताईंनी विचारलं.

"तिथे माणसे निरंक," यंत्र म्हणालं.

त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. सर्वेक्षक भोपींची माहिती वेळेत आली नव्हती. रकाना रिकामा कसा पाठवायचा, म्हणून ताईंनीच वीस वर्षांच्या सवयीने तिथे 'निरंक' लिहिलं होतं. जुन्या साहेबांना त्याचा अर्थ कळायचा: माहिती अजून यायची आहे. यंत्राने शून्य वाचलं.

"अरे, थांबव! तिथे वाडी आहे!"

"दरवाजे उघडले आहेत. तीन मिनिटांत दरी भरेल."

टेबलावरचा फोन वाजला. भोपी बोलत होते, मागे पोरांचा गलका चालला होता.

"ताई, तामणदरीची मोजणी आत्ता संपली. एकशे बारा माणसं. वाडीवाल्यांनी मला जेवायलाच बसवलंय. थोडा उशीर झाला, चालेल ना?"