पहिलं रडणं

"बाळ रडायला उशीर झाला, म्हणजे मेंदूला प्राणवायू उशिरा मिळाला. आईला हा प्रश्न विचाराच," सरांनी सकाळच्या वर्गात बजावलं होतं. बारा वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स असलेली कलावती आता मुलांच्या मेंदूविकासाचं प्रशिक्षण घेत होती. ही तिची पहिलीच केस.

"जन्मल्याबरोबर रडला होता का?"

पाच वर्षांच्या, अजून बसता न येणाऱ्या लेकाला मांडीवर सावरत नंदिनी नगरची रीना म्हणाली, "मले तर बहुत वेळ आवाजच ऐकू नाही आला, मॅडम. पण डिलिव्हरीच्या कार्डावर 'लगेच रडला' लिहून आहे. घरचे म्हणून राहिले, खोट माह्यातच आहे."

कलावतीनं ते कार्ड हातात घेऊन पाहिलं. मग तिनं फॉर्मवर लिहिलं, 'लगेच रडला.'

दोन्हीकडे अक्षर तिचंच होतं.