हिरव्या बांगडीचं वर्तुळ

आकाराम बर्म्याच्या लढाईत बेपत्ता होऊन वर्ष उलटलं, तेव्हा भावकीनं त्याला मेलेला धरायचं ठरवलं. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायला विधवा अंबूबाई ओसरीवर येऊन बसली. बायको विजयमाला पाटीवर परीक्षेचं गणित सोडवत होती. हातातली हिरवी बांगडी पाटीवर ठेवून तिनं उत्तरांचे कोन मांडायला वर्तुळ काढलं. धांदलीत समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा साइन थीटा भागून उडवला आणि ती थबकली. शाळेत मास्तर ओरडायचे, “शून्य असू शकेल त्यानं भागू नका, एक उत्तर हरवतं. कंसाबाहेर काढा, सगळी उत्तरं राहतात.” तिनं ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. “मामंजी, बेपत्ता म्हंजी दोन उत्तरं, जित्ता न्हाईतर मेलेला. तुमी एक आदीच उडवताय.” अंबूबाईनं बांगड्या फोडायला हात पुढं केला. “थांब वाईच,” दारातून सासू तिला म्हणाली, “तिचं गणित सुटू दे.” विजयमालानं बांगडी हातात चढवली, पाटी पुसली आणि तेच गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं.