मागच्या खोलीतली फुलं

या, बसा. नाकावर माशी बसू न देणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. चहा निवायच्या आत संपेल.

"बाई, तो कप खाली ठेवा. हाताला खळ लागेल."

हॉटेलवाली बाई दचकली. नव्या हॉटेलसाठी तिला चारशे कप हवे होते. कपावरची काचेसारखी झिलई कुठली, नक्षी कुठली, ते आज ठरायचं होतं. कारखान्यातल्या लांब फळीवर नमुने मांडले होते. डावीकडे म्हाताऱ्याचे. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, आणि तोही स्वतःला तेच समजायचा. त्याच्या कपांवर गर्द निळी झिलई आणि हाताने काढलेले मासे. उजवीकडे त्याच्या सुनेचे. दुधासारखी पांढरट झिलई आणि कडेला बारीक जांभळी फुलं. बाईने उचलला होता तो उजवीकडचा.

"खळ कसली?" तिने विचारलं.

"छापाची फुलं ती. कागदावर तयार मिळतात. कागद पाण्यात बुडवायचा, फूल सुटलं की कपावर सरकवायचं, परत भट्टीत भाजायचं. पोरं वहीवर लेबलं लावतात ना, तसं. आमच्या सूनबाई त्यात फार हुशार."

सूनबाई कोपऱ्यात माती मळत होती. तिने मान वर केली नाही.

लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने ब्रश मागितला होता. "आधी दहा वर्षं चिखल तुडव, मग बोल," म्हातारा म्हणाला. मग तिने छापाचे कागद आणले. म्हाताऱ्याचं डोकंच फिरलं. "ही चिकटवाचिकटवी माझ्या डोळ्यांसमोर नको. मागच्या खोलीत जा आणि दार लावून घे." तिथली छोटी भट्टीही त्याने तिला देऊन टाकली, भिकाऱ्याच्या अंगावर फाटका सदरा फेकावा तशी. तिने दार लावून घेतलं. त्याला सात वर्षं झाली. सात वर्षांत म्हातारा त्या खोलीत फिरकला नाही की तिचा एक कप त्याने हातात धरला नाही. लांबूनच नाक मुरडायचा. चारचौघांत तिला लेबलवाली म्हणायचा. नवरा महिन्यातले वीस दिवस माल पोचवायला बाहेर, आणि घरी असला तरी बापापुढे तोंड उघडायचा नाही.

त्या दिवशी सकाळी तर म्हाताऱ्याने सुनावलंच, "आज बाईने माझे कप घेतले, की मागच्या खोलीला कुलूप. मग जन्मभर माती मळ."

"आणि माझे घेतले तर?"

"तुझे?" म्हातारा इतका हसला, की त्याला ठसका लागला.

आता बाई झिलईच्या बादल्यांत डोकावत होती. "ही राखाडी झिलई बरी वाटते."

"बादलीत बघून झिलई निवडताय? सगळ्या गढूळ पाण्यासारख्याच दिसणार. भट्टीतून आल्याशिवाय तिचं खरं रूप कळत नाही, बाई. तुमच्या हॉटेलात काय कच्ची भाजी बघून चव सांगतात?"

बाई तशी खमकी होती. परत फळीपाशी आली आणि तोच जांभळ्या फुलांचा कप उचलला. "मला हाच हवा."

सूनबाईचे हात मातीतच थांबले.

"थांबा. डोळे उघडतो तुमचे," उस्ताद म्हणाला. "छापाचं फूल झिलईच्या वर बसतं. कडेवरून नख फिरवा, अडेल. हाताचं काम झिलईच्या खाली असतं. तिथे नख अडत नाही."

बाईने नख फिरवलं. "नाही अडत."

"नखं वाढवून उपयोग काय, बाई, फिरवता यायला हवीत." त्याने कप हिसकावून घेतला. नख फिरवलं. परत फिरवलं. दुसरा कप घेतला, मग तिसरा. चष्मा लावून तो खिडकीपाशी गेला. प्रत्येक पाकळीच्या टोकाला केसाएवढी रेघ होती, ब्रश उचलताना सुटते ती. आणि एक फूल दुसऱ्यासारखं नव्हतं.

त्याने कप खिडकीत अलगद ठेवला.

"कागद कधी संपले?" त्याने न वळताच विचारलं.

"दुसऱ्याच वर्षी."

"आणि ब्रश?"

"तुम्ही झिजले म्हणून फेकायचात ते."

आता तो वळला. "मग एवढी वर्षं मी लेबलवाली लेबलवाली करतोय, तर बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

सूनबाईने फडक्याला हात पुसले. "सुरुवातीला फुलं कसली, नुसते डाग यायचे, बाबा. सांगितलं असतं, तर तुम्ही येऊन बघितलं असतं आणि ब्रश काढून घेतला असता."

म्हाताऱ्याने फळीवरचे स्वतःचे मासे बाजूला सरकवले आणि तिचे कप मध्ये मांडले. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं असावं. बाईने चारशे कप जांभळ्या फुलांचे सांगितले आणि ती गेली.

आता दोघं एकाच फळीपाशी जांभळी फुलं रंगवायला बसतात. भांडतात भरपूर. तुम्ही तिकडे कप घ्यायला गेलात तर माझं एवढं ऐका. 'यातला कुठला तुमचा आणि कुठला सुनेचा?' असं म्हाताऱ्याला विचारू नका. तो चष्मा लावतो, कप दहा वेळा फिरवतो, तुम्हाला अक्कल नाही म्हणतो, आणि मग चुकीचं सांगतो.